गिरणीचा रकाना

आमच्या घरी ज्वारीच्या पोत्याशेजारी एक पत्र्याचा डबा असतो. पूर्वी त्यात गोडेतेल यायचं. माय दळण काढायला बसली की आधी त्या डब्यात एक मूठ ज्वारी टाकते आणि मगच सुपात घेते. त्या वेळी तिचे ओठ हलतात, शब्द ऐकू येत नाहीत. घरात ज्वारी कमी असली की मूठ लहान होते, पण चुकत नाही. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या प्रत्येक घरात असा एक डबा आहे. महिन्यातल्या एका रविवारी उपासना झाली की बाया आपापले डबे चर्चमधल्या पोत्यात रिकामे करतात. मंडळी लहान, पंचवीस-तीस घरांची, बहुतेक सगळे दुसऱ्याच्या रानात कामाला जाणारे. कोहिनूर गावाच्या पुढं, जिथं बसवकल्याण तालुका संपून आळंद तालुका लागतो, तिथं आमचं गाव आहे.

डब्यात दाणाच टाकायचा, पीठ नाही, ही रीत. लहान असताना मी मायला विचारलं होतं, पीठ का नाही?

"पीठ दिलं की घेणारीला वाटतंय, ह्यांचं उरलंसुरलं आपल्याला दिलं," ती म्हणाली होती. "दाणा दिला की ती मालकीण. ठेवील, पेरील, न्हाईतर दळून खाईल. अन् पीठ काय, आठ-पंधरा दिसांत कडू होतंय. विरी गेली, चिकटपणा ऱ्हायला न्हाई की भाकर थापताना कडा फुटत्यात. फुटकी भाकर कुणाला द्यावी व्हय?"

हे मी इतकं सविस्तर सांगतेय, कारण पुढं जे झालं ते या चांगल्या रीतीतूनच झालं. ती रीत वाईट आहे असं मला अजूनही म्हणता येत नाही.

मी कडगंचीला विद्यापीठात शिकते, हॉस्टेलवर राहते. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. अप्पा सही करतात, पण सही करताना त्यांची जीभ दातांत येते. मी कॉलेजला गेल्यापासून मंडळीतलं सगळं लिहिणं माझ्याकडं आलं. कुणाचा दाखला, कुणाचा पेन्शनचा अर्ज, नाताळच्या कार्यक्रमाची पत्रिका. बाया हसायच्या, "जावा, कलेक्टरीणबाईकडं जावा." मी लाजायचे, पण मला ते आवडायचं. हे कबूल करायला हवं.

त्या वर्षी पावसाळा सरत आला तरी पाऊस हटेना. मुळं कुजून तूर गेली. रानात पाय ठेवला की काळ्या मातीत पोटरीपर्यंत जायचा, त्यामुळं कुणालाच काम नव्हतं. मी सुट्टीला घरी आले होते. एके दिवशी पास्टर आमच्या दारात आले, त्यांच्यासोबत टेम्पोवाले चाचा. चाचा खाणीवरून खडी आणायचे. त्यांनी सांगितलं की आळंदच्या बाजूला, ओढ्याच्या पलीकडं एक खडीची खाण आहे, ती पाण्यानं भरलीय. मुकादम मजुरांना तसंच सोडून निघून गेलाय. उदगीरकडून आलेल्या माणसांची वीस-बावीस खोपटी तिथं आहेत.

"बच्चे तरोटे की भाजी खारे, बेटी," चाचा म्हणाले. "नमक बी नै."

तरोटा म्हणजे पावसात कुठंही उगवतो तो रानपाला. आम्हीही खातो, पण भाकरीबरोबर.

पास्टर म्हणाले, "आपण जाऊ. पण आधी तू बघून ये. कोण किती हायत, कुणाला काय लागतंय, सगळं लिहून आण. उगं अंदाजानं नको."

त्याच सत्रात आम्हाला सर्वेक्षण कसं करावं ते शिकवलं होतं. मी पट्टी घेऊन बसले आणि कागदावर रकाने आखले. घर, माणसं, लहान मुलं, आजारी, गरोदर किंवा बाळंतीण, पांघरूण, रेशन कार्ड. शेवटचा रकाना शेऱ्याचा. माय शेजारी बसून बघत होती. तिला वाचता येत नाही. तिनं एका रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "किती सरळ काढलीस गं."

बुधवारी मी चाचांबरोबर गेले. डांबरी रस्ता सोडला की ओढा, ओढ्यापलीकडं एक छोटी वाडी आणि वाडीच्या पुढं खाण. वाडी ओलांडल्यावर विजेचा एक खांब वाटेवर आडवा पडला होता. तारा काढून कडेला गुंडाळून ठेवल्या होत्या. मी तो खांब ओलांडला आणि थांबून शेऱ्यात लिहिलं : "वाडीपुढे खांब आडवा आहे, टेम्पो जपून आणावा." किती बारकाईनं बघतोय आपण, असं तेव्हा वाटलं होतं.

खोपटी म्हणजे बांबूवर टाकलेल्या ताडपत्र्या. माणसं बाहेर आली ती आधी चाचांना बघून, मग माझ्या हातातला कागद बघून. कागदाला माणसं घाबरतात हे मला घरूनच माहीत आहे. मी सांगितलं, सरकारकडून नाही, चर्चमधून आलेय. एक म्हातारा म्हणाला, "कुठनं बी या बाई, पर लवकर या." सगळे हसले. मीही हसले.

रेशन कार्डं सगळ्यांची गावाकडं होती. मी एकेक खोपटं लिहीत शेवटच्या खोपट्यापाशी आले. तिथं एक म्हातारी बाई दारात बसली होती आणि आत तिची सून. सून आदल्याच दिवशी बाळंत झाली होती, सासूनंच सोडवलं होतं. आरोग्यखात्याच्या आशाताईंना निरोप गेला होता, पण ओढ्याला पाणी असल्यानं त्यांना येता आलं नव्हतं. नवरा मुकादमाला शोधायला उदगीरकडं गेला होता.

मी सुनेला वय विचारलं.

"वीस आसंल."

"मी पण वीसचीच," मी म्हणाले. तक्त्यात ते बोलायची काही गरज नव्हती.

तिनं मला नीट बघितलं. "मग तुमचं अजून झालं न्हाई?"

"न्हाई. शिकायलेय."

"अजून किती शिकताव?"

"दोन वर्षं आहेत."

"बया! डोळे दुखत न्हाईत का?"

तिच्या मांडीवर मुलगी होती. तिचा चेहरा माझ्या मुठीएवढा होता. रडत नव्हती, तोंड तेवढं उघडायची आणि मिटायची. सुनेनं आवाज खाली आणून सांगितलं, "दूध उतरंना, अक्का." माझ्याच वयाची असून मला अक्का म्हणाली, कागद हातात होता म्हणून असेल.

सासू बाहेरून बोलली, "पोटात काय गेल्याबिगर उतरंल कसं? तांदूळ सरून दोन दिस झाले. नुसता तरोटा उकडून द्यायलाव. चार घास कण्या पोटात गेल्या की उतरतंय दूध. माझ्या बी येळेला असंच झालतं." मग तिनं मला विचारलं, "बाई, तेवढी ज्वारी मिळंल का?"

मी लिहिलं : "बाळंतीण १. ज्वारी हवी." आणि खाली रेघ ओढली.

त्या आठवड्यात डबे रिकामे करायचा रविवार नव्हता, तरी बायांनी दुसऱ्याच दिवशी डबे आणले. डाळ कुणाच्याच घरात नव्हती, तांदूळ कार्डावरचा आमचाही संपलेला. पण ज्वारी निघाली. मायनं आमचा डबा उपडा केला, बुडावर थापटी मारली, मग घरी जाऊन पोत्यातली तीन ओंजळी आणखी आणली. तेल, मीठ, तिखट, आगपेट्या, बिस्किटांचे पुडे बसवकल्याणच्या मंडळीनं दिले. चादरीही आल्या. बाळंतिणीसाठी गूळ, बाळंतशोपा आणि एका डबीत थोडं तूप.

चर्चच्या समोरच गिरणी आहे. पोतं शिवताना एका बाईनं विचारलंही, "दळून न्यावं का गं?"

माय म्हणाली, "बाळंतिणीला पीठ कामून? कण्या भरडायच्या असत्यात. ज्याला जशी लागंल तशी भरडून घेईल की."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. तक्ता माझ्या हातात होता आणि त्यात ज्वारीच लिहिलेली होती.

शनिवारी सकाळी निघालो. पास्टर, माय, मी आणि चाचा. टेम्पोत पास्टर म्हणाले, "तिथं मोठ्यानं प्रार्थना करायची न्हाई. मनात करा. आधी पोट. धान्य देऊन कायतरी मागायलेत असं कुणाला वाटाया नको." पास्टर लहानपणी स्वतः ऊसतोडीला गेलेले आहेत. भुकेबद्दल ते कधी चर्चमध्ये बोलत नाहीत.

ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. पलीकडं गेल्यावर चाचांनी वर आभाळाकडं बघितलं. "तीन घंटे. इससे जास्ती मैं नै रुकता. ऊपर बारिश पडरी, नाला चढ जाताय."

वाटप व्यवस्थित झालं. मी नाव वाचायचे, पास्टर पिशवी द्यायचे, माय चादर. पोचल्याची खूण म्हणून मी प्रत्येकाचा अंगठा कागदावर घेत होते. शाईच्या पेटीवर त्यांचे अंगठे धरताना लक्षात आलं की दगड फोडून काहींच्या अंगठ्यावरच्या रेघाच गेल्या आहेत. सगळे डाग सारखेच उमटत होते. लोकांनी पिशव्या उघडल्या, ज्वारी हातात घेऊन बघितली. एका बाईनं दाणा दातांखाली धरला आणि म्हणाली, "चांगली हाय. बडी हाय, रब्बीची."

मायला समाधान वाटलं. तिनं सहज विचारलं, "दळण कुठं आणताव तुमी?"

"वाडीत गिरणी हाय की."

"मग जवळ हाय."

"जवळ हाय. पर बंद हाय. खांब पडल्यापासून करंटच न्हाई."

मायनं चादर घडी घालता घालता हात थांबवला. तिनं माझ्याकडं बघितलं. "तू बुधवारी आलतीस ना?"

"आले होते."

"इचारलं न्हाईस? दळून कसं खाणार म्हणून?"

मी शाईची पेटी मिटली.

"मग एवढं काय काय लिवलंयस त्या कागदात?"

ती रागावली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. मी कागदाकडं बघितलं. शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, खांब आडवा आहे. मी तो खांब टेम्पोसाठी बघितला होता. गिरणीसाठी बघितलाच नव्हता. आमच्या गावात चर्चसमोर गिरणी आहे, घरातून तिचा आवाज येतो. ज्वारी आहे म्हणजे भाकरी आहे, एवढंच मला माहीत. मधली पायरी माझ्या डोक्यात कधी आलीच नव्हती.

मी त्या बाईला विचारलं, "तुम्ही बुधवारी सांगितलं का नाही?"

ती म्हणाली, "तुमी इचारलं न्हाई. अन् द्यायला आलेल्याला आमी हे नको ते आणा म्हणावं व्हय?"

तेवढ्यात मला एक उपाय सुचला आणि मी तो मोठ्यानं बोलून दाखवला. सगळ्या पिशव्या परत टेम्पोत घालू, आमच्या गावात दळून उद्या आणून देऊ. मला वाटलं, सगळ्यांना बरं वाटेल. पण मी बोलत असतानाच बायांनी पिशव्या जवळ ओढल्या. एकीनं तर पिशवीवर मांडीच टाकली.

बुधवारी हसवणारा तो म्हातारा म्हणाला, "बाई, मुकादम बी उद्या येतो म्हणूनच गेलाय."



दोघीतिघींनी ज्वारी तशीच उकडायला घातली. घुगऱ्या होतात ज्वारीच्या, पण त्याला अर्धा दिवस आणि कोरडं जळण लागतं. जळण सगळं ओलं होतं. चुलीतून नुसता धूर निघत होता, आणि मुलं त्या धुरात भांड्याभोवती बसली होती.

माय शेवटच्या खोपट्याकडं गेली. मी तिच्या मागं. बाळंतीण बुधवारपेक्षा लहान दिसत होती. मुलीचं तोंड आता उघडमीट करत नव्हतं. मायनं पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढला. "लेकरू तापलंय," ती मला हळूच म्हणाली. मग सासूला, "जातं हाय का कुणाकडं? उखळ?"

"खाणीवर कुठलं जातं, बाई."

मायनं इकडंतिकडं बघितलं. दगडाला तिथं तोटा नव्हता. तिनं एक सपाट दगड निवडला, पाण्यानं दोनदा धुतला, पदराच्या टोकानं पुसला. घरातला हातोडा मागितला. त्यावर फडकं गुंडाळलं आणि मूठभर ज्वारी दगडावर ठेवून कुटायला लागली. दाणे उडायचे. मी दोन्ही हात आडवे लावून बसले. उडालेले दाणे मातीतून वेचायचे, पुन्हा ठेवायचे. काही फुटायचे, काही तसेच राहायचे. दगडाची कच त्यात मिसळत होती. ती दिसायची नाही, बोटाला लागायची. मी चिमटीनं कच काढत बसले. मायचा हात दुखला की मी कुटायचे, माझा दुखला की ती. सासू मधेच म्हणाली, "तुमी शिकलेली पोरगी, हाताला फोड येतील." मी कुटत राहिले.

दोन मुठी कण्या व्हायला दीड तास गेला. तो दीड तास मी अजून मोजते.

कण्या शिजायला लावल्या. सासूनं गूळ टाकला, शोपा टाकल्या. चाचांनी पहिला हॉर्न दिला. पास्टर आत आले, त्यांनीही मुलीच्या कपाळाला हात लावला आणि सासूला म्हणाले, "अक्का, लेकराला अन् आईला आताच्या आता टेम्पोत घ्या. दवाखान्यात नेऊ. मी सोबत हाय, परत आणून सोडतो."

सासू म्हणाली, "आज न्हाई, साहेब. आज पाचवी हाय."

पास्टरांना कळलं. मलाही कळलं. आम्ही पाळत नाही, पण मायच्या आजीपर्यंत सगळे पाळायचे. पाचव्या रात्री सटवाई येते आणि लेकराच्या कपाळी लिहून जाते. त्या रात्री लेकरानं जागा सोडायची नाही.

"लेक बी सांजच्याला येतो म्हणून निरोप हाय," सासू पुढं म्हणाली. "उद्या सकाळीच नेतो. त्याच्या माघारी मी कशी धाडू? उद्या काय झालं तर मला इचारील की."

पास्टरांनी पुन्हा सांगून बघितलं. ते तिच्या देवाबद्दल काही बोलले नाहीत, तापाबद्दलच बोलले. चाचांचा दुसरा हॉर्न आला. मग चाचांचा आवाज, "साहब, पानी का रंग बदलरा!"

तेव्हा बाळंतिणीनं माझ्याकडं बघून विचारलं, "अक्का, तुमी काय म्हणताव?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सासूसुद्धा. मी शिकलेली होते. तिनं सासूला विचारलं नाही, पास्टरांना नाही, मला विचारलं. मी हो म्हटलं असतं तर ती उठली असती, असं मला वाटतं. कदाचित उठली नसती. पण मी मोठ्या बाईच्या तोंडावर तिचा शब्द कसा मोडावा या विचारात पडले. आणि आधीच एक चूक माझ्या हातून झाली होती, आता आणखी कशाबद्दल ठासून बोलायचा मला काय अधिकार, असंही वाटलं. तो दीड तास हातात असता तर मी सासूजवळ बसले असते, हळूहळू बोलले असते, मायनंही समजावलं असतं. तसं बसून बोलायला वेळ नव्हता.

मी म्हणाले, "उद्या सकाळी नक्की न्या."

ती "बरं" म्हणाली.

निघताना सासूनं मला थांबवलं. "बाई, एक कोरा कागद दे की. अन् पेन. पाचवीला ठेवायला. सटवाईला लिवायला."

मी तक्त्याच्या मागचा कोरा कागद काढून दिला. पेनही दिला. मायनं भांड्यातल्या शिजलेल्या कण्या वाटीत काढून बाळंतिणीपुढं ठेवल्या. तिनं पहिला घास घेतला आणि दातांखाली कच वाजली. मला ऐकू आलं. ती म्हणाली, "गोड हाय." दुसरा घास घेताना आम्ही बाहेर पडलो.

ओढ्यातून टेम्पो निघाला तेव्हा पाणी नंबरच्या पाटीपर्यंत आलं होतं. पुढचे दोन दिवस तो रस्ता बंद होता.

मंगळवारी चाचांनी सांगितलं, आता जाता येईल. त्याआधी मी घरात बसून नवा तक्ता आखला होता. त्यात गिरणीचा रकाना घातला. चालू की बंद, किती लांब, वीज की डिझेल. पट्टीनं सरळ रेघा. या वेळी माय शेजारी बसली नाही. मंडळीचे डबे रिकामे होते, म्हणून तिनं आमच्या पोत्यातली ज्वारी काढली आणि समोरच्या गिरणीत दळून आणली. तिच्या आयुष्यात तिनं पहिल्यांदा कुणाला पीठ द्यायला काढलं असेल. टेम्पोत मी ते मांडीवर घेऊन बसले होते. पीठ अजून गरम होतं.

खाणीवर निम्मी खोपटी उठून गेली होती. ऊन पडलं होतं. खांब होता तिथंच होता. शेवटचं खोपटं दिसलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी जवळजवळ पळतच गेले. सासू बाहेर बसली होती. तिला बघून माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल, तर, "गिरणी सुरू झाली का हो?"

"न्हाई," ती म्हणाली. मग पदर नीट करून, "पोरगी गेली, बाई."

मी उभीच राहिले. मागून माय आली, तिनं माझ्या कडेवरची पिठाची पिशवी काढून खाली ठेवली.

"लेक राती आला," सासू सांगत होती. तिचा आवाज साधा होता, वाट सांगावी तसा. "सकाळी निघालोच हुतो. घेऊन ओढ्यापातूर गेलो. पाणी हुतं. दुपारपातूर बसलो काठाला. मग पोरगीच गेली. मग माघारी आलो."

पुढं मी एका नर्सताईंना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, एवढ्या लहान बाळाला ताप म्हणजे आत काहीतरी बिघडलेलं असणार, कण्या वेळेवर मिळाल्या असत्या तरी सांगता येत नाही. त्या मला धीर द्यायला बोलल्या. त्यांचं खरंही असेल. पण शनिवारी ओढ्याला गुडघाभर पाणी होतं आणि आमच्याकडं तीन तास होते, एवढं मला माहीत आहे.

बाळंतीण आत भिंतीसारख्या लावलेल्या ताडपत्रीला टेकून बसली होती. छातीभोवती जुन्या साडीची पट्टी घट्ट बांधलेली.

"दूध उतरलंय," सासू बाहेरून म्हणाली. "कालच्यान. ठणकायलंय तिला."

माय आत गेली आणि तिच्या शेजारी बसली. मायनं तिची पट्टी सैल करून पुन्हा नीट बांधली. मी दारातच होते. आत जायला जागा होती, तरी मी गेले नाही.

पास्टरांनी डोक्यावरची टोपी काढली. "अक्का, प्रार्थना करू का?"

"करा. बसून करा की, उभं कामून ऱ्हाताव."

ते मातीत बसले. प्रार्थना लांब नव्हती. सासू पदरानं त्यांच्या अंगावरची माशी हाकलत होती.

मग ती उठली. पिठाची पिशवी उघडली, चिमूट घेऊन वास घेतला. "ताजं हाय." आणि चूल पेटवायला बसली. दोन दिवसांच्या उन्हानं जळण वाळलं होतं, लगेच पेटलं. मी म्हणाले, "आमच्यासाठी नको, हे तुमच्यासाठी आणलंय."

"तुमी तीनदा आलाव," ती म्हणाली. "उपाशी कशी धाडू?"

तिनं परातीत पीठ मळलं, थापलं. परातीवर तिच्या तळहाताचा आवाज येत होता, आमच्या घरी येतो तसाच. तवा तापला. भाकरी टाकली, पाणी फिरवलं, उलटली, विस्तवावर शेकली. टम्म फुगली. तिनं ती पहिली माझ्या हातात दिली, वर चिमूटभर तिखट-मीठ.

मला घेववेना. मी भाकरी हातात धरून बसले.

आतून बाळंतिणीचा आवाज आला. "खावा की, अक्का. तुमीच आणलंय."

सासूला काहीतरी आठवलं. ती आत गेली आणि ताडपत्रीच्या खाचेत खोचलेला माझा पेन घेऊन आली. पदरानं पुसून तिनं तो माझ्यापुढं ठेवला. "तुमचा राह्यला हुता. तुमाला लागंल." कागद तेवढा तिनं परत आणला नाही. गिरणीचा रकाना असलेला तक्ता माझ्या पिशवीत होता. तो मी बाहेर काढला नाही.

मी भाकरी खाल्ली. सगळी खाल्ली, कारण त्या दोघी बघत होत्या. पीठ सकाळचंच होतं. एकही कड फुटलेली नव्हती.